बाहेर पडायची कळ

पहिल्याच रात्री भूपेश मढवी अडकला.
महापे, चौथा मजला, दोन वाजून दहा मिनिटं,
काळा पडदा, आणि एक फाइल
जिच्यात फक्त एक आकडा बदलायचा होता.
जाऊन बघते तर फाइलभर
क्यू क्यू क्यू, एक्झिट, एक्झिट,
आणि शेवटी रोमन लिपीत आईशप्पथ.

"मॅडम, बंद करायची फुली कुठाय ह्यात?"

फुली नाही रे.
मेनू नाही, कात्रीचं चित्र नाही,
उंदीर इथे फिरकत नाही.
आधी एस्केप, मग कोलन, मग क्यू,
मग उद्गारचिन्ह,
म्हणजे झालं गेलं विसरून जा.

"हे कुणी सांगितल्याशिवाय कळणार कसं?"
"मलाही सांगितलंच होतं कुणीतरी," म्हटलं,
आणि खुर्चीत जरा जास्तच ताठ बसले.

चोवीस वर्षं माझे हात ह्या घरात राहतात.
एफ आणि जे वरचे दोन उंचवटे
अंधारातही उंबरठ्यासारखे लागतात बोटांना.
डी डी, ओळ गेली.
यू, परत आली.
माउसकडे हात न्यायचा म्हणजे
तेवढ्यात विचार चहाला निघून जातो,
असं मी प्रत्येक नवीन पोराला ऐकवते.
हे ऐकवत नाही की पहिले तीन महिने
कळांची यादी मी ड्रॉवरमध्ये डब्याखाली लपवायचे,
आणि एकदा बाहेर पडता येईना
तेव्हा सरळ प्लग उपटला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आपला प्रोग्राम आणला.
रंगीत. फाइली झाडासारख्या लटकलेल्या,
धरा, ओढा, सोडा.
चांगला होता, खोटं कशाला बोलू.
"सर्व्हर पडला की ही चित्रं दिसणार नाहीत तुला,"
मी म्हटलं.
तेही खोटं नव्हतं.

मग त्याच्या बहिणीची हळद, गोठिवलीत.

मी ऐरोलीची, सेक्टर सोळा.
सेक्टर, प्लॉट, विंग, कोपऱ्याकोपऱ्यावर पाटी,
बाण दाखवेल तिकडे वळायचं.
गावठाणात शिरले आणि पाट्या संपल्या.
फोनवरचा निळा ठिपका
लोकांच्या भिंतींतून चालू लागला.
स्कूटर जेमतेम जाईल एवढी गल्ली,
तिला फुटलेली दुसरी, तिला तिसरी.
ओट्यावर कोळंबी सोलणारी बाई,
"कोनाकरं जायाचं?"
"मढवींकडे."
ती हसायलाच लागली,
"हितं सगलं मढवीच."

चौथ्यांदा त्याच निळ्या पिंपाशी आले
आणि तेवढ्यात लाइट गेली.
डाव्या हाताची करंगळी
हवेत एस्केप शोधत होती,
मी पाहिलं तिला.

भूपेश आला अनवाणी, कानांना हळद.
"चला. डावीकडे. पायरी. वाका. आता उजवीकडे."
टॉर्च नाही, भिंतीला हात नाही,
आणि मागे वळून माझ्याशी बोलत चाललेला.
"इथे वळायचं हे कुठे लिहिलंय?" मी विचारलं.
"लिहायचं कशाला? राहतो ना."

मी काही बोलले नाही.
बोलण्यासारखं सगळं
मीच त्याला आधी सुनावून ठेवलं होतं.

अजून तो रंगीत प्रोग्रामच वापरतो,
मी काळा.
रविवारी दुपारी त्याचा फोन,
"मॅडम, तुमच्या त्या काळ्यातच अडकलोय.
अख्ख्या फाइलमधला एक शब्द बदलायचाय. काय दाबू?"

रोज दहादा करते. सांगता येईना.
"थांब," म्हटलं.
हात कणकेत होते, तसेच काढले,
आणि ओट्याच्या काळ्या दगडावर
टाइप करून पाहिलं.
मग बोटं जिथे जिथे टेकली होती
तिथले पिठाचे ठसे
एकेक करून त्याला वाचून दाखवले.
कोलन.
टक्क्याची खूण.
एस.